शुगर आटोक्यात आणताना क्रम चुकू नका: खान्देशी ताट, चालणं आणि रोजची शिस्त

शुगर निघाली, की बहुतेक घरांत पहिली तीन कामं ठरलेली असतात. चहातली साखर बंद होते, दुसऱ्या दिवशी पहाटे चालणं सुरू होतं आणि कुणीतरी कारल्याचा रस आणून देतं. पंधरा दिवसांत आकडा थोडा उतरला की गोळी आपणहून सोडली जाते. तीन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा तिथेच, नाहीतर त्याहून वर. या माणसांनी मेहनत मनापासून केलेली असते. फक्त ती चुकीच्या क्रमाने झाली आणि मधे काही मोजलं गेलं नाही.

म्हणून हे टप्पे क्रमानेच करा. एक अंगवळणी पडल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. हे सगळं मोठ्या माणसांच्या टाइप टू मधुमेहासाठी आहे. गरोदरपणातली शुगर, लहान मुलांची शुगर आणि टाइप वन यांना हा क्रम लागू नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जेवणात प्रथिनं किती ठेवायची, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

## टप्पा 1: ताटाला हात लावण्याआधी दवाखान्यातलं काम

निदान पक्कं आहे का, ते पाहा. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त, या मधुमेहाच्या रेषा आहेत. त्रास काहीच नसेल तर एका रिपोर्टवर न थांबता तपासणी पुन्हा करतात. सरासरी 5.7 ते 6.4 मध्ये असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. पुढचे सगळे टप्पे तुम्हालाही लागू आहेत, आणि तुम्हाला त्यांचा फायदा सर्वांत जास्त होईल.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या भागांतल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खरी असते त्यापेक्षा कमी दिसू शकते. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ती वाढलेली दिसू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा तुमचं हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर तसं डॉक्टरांना सांगा आणि सरासरीपेक्षा उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या आकड्यांवर जास्त विसंबा.

पहिल्याच भेटीत हेही करून घ्या: रक्तदाब, मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, चरबीची तपासणी, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पायाच्या संवेदनेची तपासणी. टाइप टू बऱ्याचदा वर्षानुवर्षं गुपचूप असतो. निदानाच्या दिवशीच काहींच्या डोळ्याला इजा झालेली असते. तीस वर्षांपुढच्या लोकांची शुगर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत तपासतात, आणि तिथे गोळ्याही मिळतात. पैशांसाठी तपासणी पुढे ढकलू नका.

शेवटचा प्रश्न गोळ्यांबद्दलचा. पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवून विचारा: "यापैकी कोणत्या गोळीने शुगर एकदम खाली जाऊ शकते?" ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन यांनी जाते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही. हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण जेवण कमी करण्याचा वेग त्यावर ठरणार आहे.

सावधान: ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना, डॉक्टरांना न विचारता दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत सुरू करू नका. आपल्याकडे ही पद्धत फार लोकांनी धरली आहे आणि काहींना तिचा चांगला उपयोगही झाला आहे. पण गोळीचा डोस तोच ठेवून जेवण घटवलं, तर शुगर 70 च्या खाली जाऊन माणूस शेतात किंवा गाडीवर असताना कोसळू शकतो.

## टप्पा 2: एक आठवडा काहीही न बदलता मोजा

लोक हा टप्पा गाळतात, आणि म्हणून पुढे कशाने फरक पडला हे त्यांना कधीच कळत नाही.

ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि एक साधी वही घ्या. रोज दहा वेळा बोट टोचायची गरज नाही. रोज एक जेवण निवडा. त्या जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजा. आज सकाळचा नाश्ता, उद्या दुपारचं जेवण, परवा रात्रीचं. दोन दिवस उपाशीपोटीचाही आकडा घ्या. शेजारी काय आणि किती खाल्लं ते लिहा. "भाजी-भाकरी" एवढं लिहून चालणार नाही. "दोन कळण्याच्या भाकरी, शेवभाजी मोठी वाटी, वर भात" असं लिहा.

आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांतला फरक बघा. फरक साधारण 50 च्या आत असेल तर ते जेवण तुम्हाला झेपलं असं समजा. 80-100 ने उडी मारली तर ते ताट दुरुस्त करायचं आहे. बहुतेक मोठ्या माणसांसाठी डॉक्टर जेवणाआधी 80 ते 130 आणि दोन तासांनी 180 च्या आत हे उद्दिष्ट देतात. वय जास्त असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर ते सैल ठेवतात.

मोजताना नेहमी होणाऱ्या चुका:

हात साबणाने धुऊन, पुसून, कोरडे करूनच बोट टोचा. केळी सोलल्यावर किंवा आंबा कापल्यावर तसंच मोजलं तर बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि आकडा खोटाच वर जातो.

बोटाच्या टोकावर टोचू नका, बाजूला टोचा. दुखणं कमी होतं.

पट्ट्यांची डबी मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवू नका. बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 पर्यंत जातो. खराब पट्टी कोणताही आकडा दाखवते. इन्सुलिनचंही तेच. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ती एका डबीत घालून, पाणी झिरपणाऱ्या मातीच्या माठात ठेवा आणि माठ सावलीत ठेवा.

तपासा: आठवड्याअखेर वहीत किमान पाच जेवणांच्या जोड्या हव्यात. नसतील तर आणखी एक आठवडा घ्या. घाई करू नका.

## टप्पा 3: साखरेच्या आधी भाकरी मोजा

खान्देशातल्या ताटात शुगर कुठून येते, याबद्दलचा गैरसमज मोठा आहे. दिवसात दोन चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम साखर. ती बंद करणं चांगलंच. पण आपल्याकडची भाकरी मोठी असते. 90 ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी सुमारे 60 ग्रॅम कर्बोदकं देते. ती साखरेपेक्षा सावकाश चढतात, पण पोटात जाऊन शेवटी ग्लुकोजच होतात. रात्री तीन भाकरी आणि वर भात खाणाऱ्या माणसाने चहा फिका केला तरी आकडा जागचा हलत नाही, त्याचं कारण हे आहे. "ज्वारी चालते" हे खरं आहे. "ज्वारी कितीही चालते" हे खरं नाही.

करायचं असं:

एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुमच्या घरच्या एका भाकरीचं पीठ मोजा. भाकरी थापणाऱ्या माउलीला सांगा की आजपासून तुमची भाकरी 30-35 ग्रॅम पिठाची, म्हणजे लहान. अशा दोन भाकरी एका जेवणाला पुष्कळ होतात. त्यातून 45 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. फार उंच, धडधाकट, अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला तीन लागतील. ते वहीतले आकडे सांगतील.

पण तीन मोठ्यांवरून थेट दोन लहानवर येऊ नका. भूक लागून चौथ्या दिवशी सगळं मोडतं. आधी रात्रीचं जेवण धरा, कारण रात्रीनंतर आपण हालचाल करत नाही. पहिल्या आठवड्यात रात्रीची एक मोठी भाकरी कमी करा आणि तेवढी जागा डाळीने, भाजीने भरा. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात काढा. तिसऱ्यात दुपारकडे वळा.

कळण्याच्या भाकरीबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले असल्याने तिच्यात प्रथिनं आणि तंतू नुसत्या ज्वारीपेक्षा जास्त असतात, ती जास्त वेळ पोटात राहते आणि शुगर कमी उडते. आपल्या आजीच्या घरातलं हे पीठ सोडून महागडं "डायबेटिक आटा" आणायची काहीच गरज नाही. दळताना उडदाचं प्रमाण थोडं वाढवलं तरी चालतं. मात्र कळण्यात मीठ आधीच दळलेलं असतं. रक्तदाब असेल तर मीठ न घालता दळून आणा.

सावधान: शुगर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी कमी करण्याच्या आठवड्यातच डॉक्टरांशी बोला. सलग दोन वेळा आकडा 80-90 च्या खाली दिसला, तर पुढची कपात करण्याआधी डोस बघून घ्यावा लागतो.

## टप्पा 4: ताटात काय, आणि आधी काय

प्रमाण बसलं की मग रचना. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कच्चं, पाव भाग डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे, आणि पाव भागात भाकरी किंवा भात. बटाटा, साबुदाणा आणि रताळं हे भाजीच्या बाजूला धरायचे नाहीत, ते भाकरीच्या बाजूचे.

खायचा क्रमही महत्त्वाचा. आधी कांदा, मुळा, काकडी, पातीचा कांदा, मेथीची कोवळी पानं. मग भाजी आणि डाळ. भाकरी त्यांच्या सोबतीने आणि शेवटी. आपण उलटं करतो, गरम भाकरीचा पापुद्रा तुपासोबत आधी पोटात जातो. भाजी आणि प्रथिनं आधी गेली तर तेच ताट कमी शुगर चढवतं. हे वहीत दोन दिवस करून पाहा, फरक स्वतः दिसेल.

आता नेहमीचे पदार्थ.

वांग्याचं भरीत: आनंदाने खा. हिरव्या वांग्यात कर्बोदकं थोडी आणि तंतू भरपूर. पण भरीत-पुरी हे जेवण वेगळं आहे, त्यातली पुरी सोडा आणि कळण्याची भाकरी घ्या. फोडणीचं तेल आणि शेंगदाणे मोजून घाला. हिवाळ्यातल्या शेतातल्या भरीत पार्टीत जिलेबी आली तर ती दुसऱ्याच्या पानात जाऊ द्या.

शेवभाजी: शेव बेसनाची असल्याने शुगर फार उडत नाही, म्हणून लोकांना ती निर्धोक वाटते. खरा भार तळणाचा आणि तर्रीचा असतो, त्याने वजन हटत नाही. पंधरवड्यातून एखादवेळी, दुपारी, छोटी वाटी.

वरणबट्टी: बट्टीत पीठ दाबून भरलेलं असतं आणि वर तळण व तूप. एका बट्टीला एक-दीड लहान भाकरी समजा. एकच बट्टी, दोन वाट्या वरण, वांग्याची भाजी भरपूर, आणि त्या जेवणात भात नाही.

फुनके, पातोड्या, डुबुकवडे, उडदाची डाळ, मठाची उसळ: हे सगळे तुमचे मित्र आहेत, तेल आटोक्यात असेल तर. शाकाहारी माणसाच्या ताटात प्रथिनं याच वाटेने येणार.

गिलके, दोडके, गवार, पोकळा, अंबाडी, चवळीच्या शेंगा: हव्या तेवढ्या.

केळी: रावेर-सावद्याच्या माणसाला केळी सोड म्हणणं मला पटत नाही. पण बागेतलं मोठं केळ एका वेळी 30 ग्रॅमच्या वर कर्बोदकं देतं. म्हणून अर्धं केळ, ते जास्त पिकलेलं नको, आणि त्या बदल्यात एक लहान भाकरी कमी. भरल्या जेवणावर केळ नको, शिकरण तर नकोच. वेफर्स हे फळ नव्हे, ते तळलेलं पिष्ट आहे.

चहा: साखर एकदम तोडायला जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा उतरवा. गुळाचा चहा केल्याने काही वाचत नाही. गूळही साखरच आहे, आणि मधही. उन्हाळ्यात रसवंतीऐवजी ताक घ्या, किंवा साखर न घालता लिंबूपाणी.

नेहमीची चूक: कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी घेऊन गोळी बंद करणं. मेथी भाजीत, भाकरीत जरूर खा, तिच्यात तंतू असतात. पण ती गोळीची जागा घेत नाही. बाजारात, यात्रेत कुणी नाव-घटक न लिहिलेली पुडी देत असेल तर ती अजिबात घेऊ नका. अशा पुड्यांत काय मिसळलंय हे कुणीच सांगू शकत नाही.

## टप्पा 5: चालणं, पण कधी

आठवड्याला 150 मिनिटं दमदार चालणं, हे किमान. म्हणजे आठवड्यात पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सलग दोन दिवस सुट्टी घेऊ नका, कारण व्यायामाने स्नायूंची ग्लुकोज ओढून घेण्याची ताकद एक-दोन दिवसच टिकते.

पण पहाटेच्या अर्ध्या तासावर सगळा भार टाकू नका. जेवणानंतर शुगर चढते तेव्हाच पायाचे मोठे स्नायू चालते ठेवले, तर ते तिथल्या तिथे ग्लुकोज वापरतात. म्हणून सुरुवात इथून करा: रात्रीचं जेवण झाल्यावर 15 मिनिटं गल्लीत, गच्चीवर किंवा घरातल्या घरात चाला. दोन आठवड्यांत हे बसलं की दुपारच्या जेवणानंतर 10 मिनिटं जोडा, आणि मग सकाळचं मोठं चालणं घ्या. दिवसभर गादीवर बसणाऱ्या दुकानदाराने आणि ऑफिसातल्या माणसाने दर अर्ध्या तासाला उठून दोन-तीन मिनिटं फिरावं.

मार्च ते जूनमध्ये सकाळी साडेपाच ते सातच्या आत उरका. नंतरच्या उन्हात घामाने पाणी कमी होतं आणि शुगर वर जाते.

"मी शेतात राबतो, मला व्यायाम कशाला?" हे फार ऐकू येतं. वखरणी, निंदणी, कापूस वेचणी स्वतः करत असाल तर तो व्यायाम आहेच. पण आज बरेच शेतकरी मोटारसायकलवर मळ्यात जातात, मजुरांकडून काम करून घेतात आणि मोटारसायकलवर परततात. ते चालणं धरता येणार नाही. शिवाय हंगाम संपला की दोन-तीन महिने शरीर एकदम बसतं, आणि तेव्हाच आकडा वाढलेला दिसतो.

सावधान, रात्री पाणी भरायला जाणाऱ्यांसाठी: लाईट रात्रीची असली की जेवण पुढे-मागे होतं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन, अर्धपोटी मळ्यात एकटे जाऊ नका. आधी जेवा, शुगर मोजा, 100 च्या आत असेल तर काहीतरी खाऊन निघा. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा आणि घरी सांगून जा. हातपाय थरथरणं, घाम, धडधड, डोळ्यांसमोर अंधारी, उगाच चिडचिड, ही शुगर उतरल्याची चिन्हं आहेत. लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, 70 च्या खाली असेल तर पुन्हा प्या, सावरल्यावर जेवा. पेढा किंवा चॉकलेट यासाठी उपयोगाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. शुगर 300 च्या वर असताना जोराचा व्यायाम करू नका.

## टप्पा 6: स्नायू

चालणं दीड-दोन महिने टिकलं की आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस 10 वेळा, भिंतीला हात टेकून जोर 10 वेळा, एक लिटर पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली 10 वेळा. हा फेरा दोनदा. साठीच्या पुढच्यांनी हे टाळू नये. नुसतं जेवण घटवून वजन उतरवलं तर स्नायूही जातात. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होतोय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर वजन उचलणं आणि श्वास कोंडून जोर लावणं बंद.

## टप्पा 7: आखाजी, कानबाई, लग्नं आणि उपवास

शिस्त मोडते ती बहुतेक इथेच. वर्षातले सगळे सण टाळायचे ठरवलं तर कुणाकडूनच पाळलं जाणार नाही, म्हणून आधी ठरवून खा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी (मांडा) एकत्र येतात. दोन्हींतून एकाला मुख्य माना. रस घेणार असाल तर साखर न घातलेली एक वाटी, आणि त्यासोबत पोळीचा चतकोर. पोळी घेणार असाल तर एकाच मांड्याचा अर्धा भाग, वर कटाची आमटी, आणि रस दोन चमचे. जेवणानंतर झोपू नका, वीस मिनिटं चाला. दोन तासांनी मोजा आणि जे येईल ते वहीत लिहा, पुढच्या वर्षी तेच कामाला येईल. कानबाईच्या रोटांचंही असंच: प्रसाद म्हणून तुकडा, आणि बाकीचं वाटून टाका.

लग्नाच्या पंगतीत आग्रह होणार. पान वाढायच्या आधीच वाढणाऱ्याला सांगा, "भाऊ, मला वरण आणि भाजी दोनदा, गोड नको." पान भरल्यावर नाही म्हणणं जड जातं. घरून निघताना मूठभर फुटाणे किंवा एक वाटी दही खाऊन निघा, म्हणजे पंगत उशिरा बसली तरी तुटून पडायला होत नाही.

उपवासात साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, भगर आणि बटाटाही त्याच वाटेचे. श्रावणात सोमवार-शनिवार दोन्ही उपवास साबुदाण्याच्या खिचडीवर करणाऱ्याचा आकडा उपवासाच्या दिवशीच सर्वांत वर असतो. राजगिऱ्याची छोटी भाकरी, काकडीची दही-दाण्याची कोशिंबीर, ताक, साखर न घातलेलं दूध, हे चालेल. नवरात्रात नऊ दिवस करणार असाल तर आठवडाभर आधी गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या चालू असताना निर्जळी उपवास धोक्याचा असतो: अंगातलं पाणी तुटतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं.

## टप्पा 8: शिस्त घरात बसवा

मनाच्या निर्धारावर शिस्त फार दिवस टिकत नाही. जे दिसतं ते खाल्लं जातं. शेव, फरसाण आणि बिस्किटांचे डबे ओट्यावरून वरच्या फळीवर न्या, आणि ओट्यावर काकडी, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे ठेवा. शेंगदाणे मुठीने, डब्यातून नको.

एकाचं वेगळं जेवण करू नका. घरातल्या बाईला दोन स्वयंपाक करावे लागले तर ती थकते आणि महिन्याभरात सगळं मोडतं. भाजी-डाळ सगळ्यांना तीच ठेवा, फक्त तुमची भाकरी लहान. आणि शुगर घरातल्या बाईला असेल तर आणखी एक काळजी घ्या. ती सगळ्यांना वाढून शेवटी, उरलेलं, दुपारी तीनला आणि रात्री दहाला खाते. तिची गोळी आणि तिचं जेवण एकत्र बसत नाही. तिला सगळ्यांसोबत, वेळेवर पानावर बसवणं हे घरातल्या पुरुषांचं काम आहे.

एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका. पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे घ्या, एवढंच. तंबाखू, गुटखा आणि बिडी या आजारात रक्तवाहिन्या आणखी वेगाने खराब करतात असं समजा आणि सोडायला मदत मागा.

तपासा: तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा. दर महिन्याला वजन आणि कमरेचा घेर मोजा. पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटर आणि बायकांचा 80 सेंटिमीटरच्या आत हवा. आपल्याकडे वजन काट्यावर ठीक आणि पोट सुटलेलं असे पुष्कळ असतात. त्यांनी वजनापेक्षा घेराकडे लक्ष द्यावं.

## टप्पा 9: गोळी कमी करायची वेळ

हा टप्पा शेवटाकडे मुद्दाम ठेवला आहे, कारण सगळ्यांना तो पहिला हवा असतो. वजन जास्त असेल आणि निदानाला फार वर्षं झाली नसतील तर गोळ्या कमी होणं, सुटणंही शक्य आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेले, इन्सुलिन नसलेले, वजनदार रुग्ण होते. 2017 साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या 46 टक्के लोकांची शुगर वर्षाअखेर गोळीविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. 15 किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांत हे प्रमाण 86 टक्के होतं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, आणि ज्यांचं वजन परत वाढलं त्यांची शुगरही परतली.

गोळी सोडून किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी 6.5 च्या आत असेल तरच शुगर माघारी गेली असं म्हणतात. डॉक्टर गोळी एकेक करून उतरवतात, सहसा शुगर एकदम खाली नेणारी आधी. रक्तदाब आणि चरबीच्या गोळ्या यासोबत सोडू नका, त्यांचं काम वेगळं आहे. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्की. आणि शुगर माघारी गेली तरी डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची वर्षातून एकदाची तपासणी चालूच ठेवायची.

## टप्पा 10: पाय आणि आजारपण

रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात पाहा. वाकता येत नसेल तर मुलाला पाहायला सांगा. पऱ्हाटीचा खुंट, बाभळीचा काटा, चपलेचा चावा, यातलं काहीच दुखलं नाही म्हणजे लागलं नाही असं होत नाही. पायाची जाणीव कमी झाली की जखम दिसते, कळत नाही. मळ्यात बंद बूट घाला. चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या भाविकांनी, पाय बधिर असतील तर, अनवाणी नवस घेऊ नये. तापलेल्या डांबराने आलेले फोड दुसऱ्या दिवशी लक्षात येतात आणि महिनोन्महिने भरत नाहीत. नवी करकरीत नव्हे, तर मऊ, रुळलेली पादत्राणं आणि सुती मोजे घालून जा. कोणतीही जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही तर हळद लावून वाट पाहू नका, दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या, मधुमेहात तो होण्याची शक्यता जास्त असते.

ताप, उलट्या, जुलाब असताना शुगर दर चार तासांनी मोजा. जेवण जात नसलं तरी पाणी, डाळीचं पाणी, ताक घोट-घोट घेत राहा. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. उलटी थांबत नसेल, श्वास खोल आणि जलद होत असेल, गुंगी येत असेल किंवा आकडा 300 च्या वरच राहत असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि सोबत ती वही घ्या.